केअर सेंटरमधली सेवा खरंच चांगली आहे की नाही हे कसं ओळखायचं? (पुणे परिसर, बेडरिडन पेशंट)

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. बाबांना (वय ७८) गेल्या पावसाळ्यात पॅरालिसिसचा मोठा अटॅक आला, उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. समजतं सगळं, माणसं ओळखतात, मॅच लावली की बघतात, पण शब्द येत नाहीत. "हो" म्हणायचं असतं आणि तोंडातून "नाही" निघतं, मग स्वतःवरच चिडतात. आई ७४ ची, तिचे दोन्ही गुडघे गेलेत, बाबांना नुसतं कुशीवर वळवणंही तिच्याच्याने होत नाही. भाऊ बंगळुरूला, मी पुण्यात पण माझी नोकरी शिफ्टची. ब्यूरोकडून माणसं घेऊन बघितली, एक मामा फार चांगले मिळाले होते, ते भातलावणीला गावी गेले ते तिकडेच राहिले, त्यांच्यानंतर कोणी टिकलंच नाही, आणि रात्रीचा माणूस आला नाही की सगळं आईच्या अंगावर येतं.

घरात सगळ्यांशी बोलून, आईलाही पटल्यावर, आता असं ठरतंय की निदान काही महिने बाबांना बेडरिडन पेशंट घेणाऱ्या केअर सेंटरमध्ये ठेवायचं. सिंहगड रोड, वाघोली, तळेगाव बाजूला काही ठिकाणं बघून आले. सगळीकडे साधारण एकच, दारात गणपती, भिंतीवर आजी-आजोबांच्या वाढदिवसाचे फोटो, समोर लॉन, आणि "आमच्याकडे अगदी घरच्यासारखं असतं". रेट महिना ३० पासून ५० हजारांपर्यंत सांगतात, डिपॉझिट वेगळं. पण मला जे बघायचं होतं ते बघितलंय असं एकाही ठिकाणाहून बाहेर पडताना वाटलं नाही. काय बघायचं तेच कळत नव्हतं खरं तर.

माझी मुख्य काळजी ही की बाबा मला सांगू शकणार नाहीत. कोणी ओरडलं, जेवण दिलं नाही, तासन् तास ओल्यात ठेवलं, तरी त्यांना सांगता येणार नाही. मग मी कशावरून ओळखायचं? ज्यांनी आपलं माणूस ठेवलंय किंवा जे अशा ठिकाणी काम करतात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दुपारचा_चहा

ताई, माझ्या सासूबाई नाशिकजवळच्या एका केअर सेंटरमध्ये शेवटपर्यंत होत्या, डिमेन्शिया होता, शेवटी शेवटी अंथरुणालाच खिळल्या होत्या. तुम्ही बहुतेक सकाळी अकरा ते एकच्या मधे, अपॉइंटमेंट घेऊन गेला असणार. त्या वेळी सगळीकडे आंघोळी झालेल्या, चादरी बदललेल्या, मॅनेजर जागेवर, फिजिओवाला आलेला, सगळं छानच दिसतं. तुम्ही संध्याकाळी सात-साडेसातला जा, किंवा रविवारी दुपारी, किंवा सणाच्या दुसऱ्या दिवशी. दिवसाचा स्टाफ घरी गेलेला असतो आणि खरी माणसं किती ते तेव्हा कळतं. "रात्री किती जण असतात" असं मोघम विचारू नका, "काल रात्री या मजल्यावर कोण होतं, आणि पेशंट किती होते" असं विचारा, आणि हेच मॅनेजरला आणि मग एखाद्या मावशीला वेगवेगळं विचारा. दोघांची उत्तरं जुळली पाहिजेत.

दुसरं म्हणजे तुम्हाला दाखवतात चालत्याफिरत्या आजोबांचा मजला. तुमचे बाबा तिथे राहणारच नाहीयेत. "सगळ्यात जास्त आजारी पेशंट जिथे ठेवता ती खोली बघायचीय" असं स्पष्ट सांगायचं. इतरांच्या प्रायव्हसीचं कारण सांगतील, ते बरोबरही आहे, आपण दारातून बघू, फोटो काढणार नाही, पण बघू. अजिबातच दाखवायला तयार नसतील तर मी तरी तिथे ठेवणार नाही.

आणि जेवणाच्या वेळेला थांबा. नीट अर्धा तास थांबा. आम्ही सासूबाईंसाठी जागा बघत होतो तेव्हा एका ठिकाणी मावशी चार जणांच्या मधे स्टूल घेऊन बसलेली, एकच चमचा, ह्याच्या तोंडात एक, त्याच्या तोंडात एक, गिळलं की नाही बघायला वेळच नाही, आणि हे सगळं पेशंट अर्धवट आडवे असताना. आम्ही तिथूनच परत फिरलो. नंतर जिथे ठेवलं तिथल्या मावशी आधी खाट वर करून पाठीला उशी लावायच्या, सासूबाईंच्या ओठांना पाण्याचं बोट लावायच्या, मग घास, मग गळ्याकडे बघत थांबायच्या, गिळल्यावर पुढचा. वाटीभर खिमटीला पंचवीस मिनिटं लागायची. ती इमारत जुनी होती, लॉन वगैरे काही नव्हतं.

साडेतीनची_लोकल

वाचतोय. माझ्या काकांसाठी बदलापूर-कर्जत बाजूला बघायचंय, त्यामुळे हा धागा माझ्याही कामाचा आहे.

खडूफळा

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. आम्ही वडिलांना सहा वर्षं घरी सांभाळलं, गावाकडची एक गरजू बाई आणि तिचा नवरा असं जोडपंच घरात ठेवलं. बोलता न येणाऱ्या माणसाला घराबाहेर ठेवणं मला जड वाटतं. अजून एकदा घरी प्रयत्न करून बघावा.

तळ्याकाठी

खडूफळा, राग नाही. पण आमचा फ्लॅट वन बीएचके आहे, जोडप्याला ठेवायला जागा नाही, आणि गेल्या महिन्यात बाबांना उचलताना आई त्यांच्यासकट पडली. घरी ठेवून दोघंही अंथरुणाला लागले तर काय. म्हणून कृपया त्या विषयावर जाऊ नये ही विनंती.

दुपारचा_चहा, खूप आभार. जेवणाच्या वेळचं लक्षातच आलं नव्हतं.

वॉर्ड_नंबर_सात

मी नर्स आहे, सरकारी हॉस्पिटलमधून रिटायर झाले, त्यानंतर काही काळ एका केअर सेंटरला इन्चार्ज होते. थोडं लांब लिहितेय पण वाचा.

बोलता न येणाऱ्या पेशंटचं अंग बोलतं. पाठ, माकडहाड, दोन्ही कुल्ले, टाचा, घोटे, बाहेर आलेल्या हाडावर जिथे जिथे दाब येतो ती प्रत्येक जागा. बेडसोर व्हायला आठवडे लागत नाहीत, अशक्त माणूस काही तास एकाच बाजूवर पडून राहिला की सुरुवात होऊ शकते. पहिली खूण म्हणजे लाल डाग, बोटाने दाबून सोडलं की तो पांढरा पडून परत लाल व्हायला हवा, तसा पांढरा पडतच नसेल तर आतलं कातडं दुखावलेलं आहे. आपल्या सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, तिथे हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक लागतंय का. टाचा बघायला लोक हमखास विसरतात, मोजे काढून बघा.

सेंटरला विचारायचं की आत्ता तुमच्याकडे बेडसोर असलेले पेशंट किती, त्यातले बाहेरून घेऊन आलेले किती आणि इथे झालेले किती. चांगलं सेंटर खरं सांगतं, कारण हॉस्पिटलच्या आयसीयूमधून येतानाच बरेच जण सोअर घेऊन येतात. "आमच्याकडे एकालाही नाही, कधीच होत नाही" असं बेडरिडन पेशंटचं सेंटर सांगत असेल तर मला शंका येते.

मग कूस बदलण्याचा चार्ट मागा. साधारण दर दोन तासांनी वळवायचं असतं, एअर बेड असला तरी वळवायचंच असतं, एअर बेडने फक्त मदत होते. चार्ट भरलेला आहे एवढ्यावर समाधान मानू नका, कसा भरलाय ते बघा. मी एका ठिकाणी जॉईन झाले तेव्हा पहिल्याच दिवशी दुपारी चार वाजता फाईल उघडली, त्यात सहा, आठ आणि दहाची नोंद आधीच भरलेली, एकच पेन, एकच अक्षर, डावी-उजवी-डावी. पेशंटच्या पाठीखाली हात घातला तर चादर घामाने चिकटलेली, म्हणजे सकाळपासून हलवलेलंच नव्हतं. खऱ्या चार्टमध्ये वेळा दोन-दहा, चार-पाच अशा पुढेमागे असतात, अक्षरं बदलतात, मधे "पेशंटने नकार दिला", "उलटी झाली", "फिजिओ चालू" असं काहीतरी लिहिलेलं असतं.

वजन. दर महिन्याला वजन करतात का आणि लिहितात का. उभं राहता न येणाऱ्या माणसाचं वजन करायला खुर्चीचा काटा लागतो, तो आहे का विचारा, नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजून लिहिला तरी चालतो. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं तर ते गंभीर समजतात. म्हणजे बाबा ६० किलोचे असतील तर महिन्यात तीन किलो कमी होणं हे "वयामुळे होतं" म्हणून सोडून द्यायचं नाही.

युरीन कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर पिशवी जमिनीवर टेकलेली नको आणि मूत्राशयाच्या पातळीच्या वरही नको, नळी कधी बदलली त्याची तारीख लिहिलेली हवी. नाकातून नळी असेल तर फीड देताना आणि नंतरही डोकं वर हवं, किमान ३० अंश, सपाट झोपवून फीड देताना दिसलं तर तिथून निघा.

आणि पॅरालिसिसचं खास. बाबांची उजवी बाजू गेलीय ना, मग उठवताना मामा त्यांचा उजवा हात धरून ओढतात का बघा. लुळा खांदा ओढला की सांध्यातून निसटतो, भयंकर दुखतं, आणि तुमचे बाबा सांगूही शकणार नाहीत. काखेत हात घालूनही उचलायचं नाही. कमरेला आधार देऊन, चांगल्या बाजूने उठवायचं. जेवणानंतर उजव्या गालात घास साठलेला राहतो, तो बोटाने किंवा ओल्या गॉजने काढून टाकतात का. दुसऱ्या कोणा पॅरालिसिसच्या पेशंटला उठवताना बघायला मिळालं तर दोन मिनिटांत तुम्हाला कळेल की स्टाफला शिकवलंय की नाही.

तळ्याकाठी

सिस्टर, तुमचं वाचून मी वहीत उतरवून घेतलं सगळं. खांद्याचं तर आम्हाला हॉस्पिटलमध्येही कोणी सांगितलं नव्हतं. आजच बाबांचा हात बघते.

भरती_ओहोटी

मी इंग्लंडमध्ये केअर होममध्येच काम करते, लीड्सला. इथली पद्धत सांगते, तिकडे तशी नाहीये पण प्रश्न उपयोगी पडतील. इथे केअर क्वालिटी कमिशन म्हणून सरकारी संस्था आहे, २००९ पासून, प्रत्येक केअर होमला तिच्याकडे रजिस्टर व्हावंच लागतं, त्यांचे इन्स्पेक्टर येतात, बऱ्याचदा न सांगता, आणि रिपोर्ट वेबसाईटवर कोणालाही वाचता येतो. चार दर्जे असतात, सगळ्यात वरचा आउटस्टँडिंग, मग गुड, मग सुधारणेची गरज, आणि शेवटी अपुरा. पाच प्रश्नांवर तपासतात, सुरक्षित आहे का, काळजीचा परिणाम दिसतो का, माणसं मायेने वागतात का, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे बदल करतात का, आणि वरचं व्यवस्थापन नीट आहे का.

पण रेटिंगवर डोळे झाकून विसंबू नये हे इथेही लोक सांगतात कारण मधल्या काळात मॅनेजर बदलला की सगळं बदलतं. मी स्वतः जॉबच्या आधी होम बघायला जाते तेव्हा कॉल बेलकडे लक्ष देते. बेल वाजली की किती वेळाने कोणीतरी उठतं. आणि स्टाफ पेशंटला काय म्हणून हाक मारतो. "बेड नंबर चार" म्हणतात की "काका" म्हणतात की नावाने. चादर बदलताना दोघी एकमेकींशीच गप्पा मारतायत आणि मधला माणूस नुसता इकडून तिकडे ढकलला जातोय, हे दिसलं की मला पुरेसं असतं. बोलता न येणाऱ्या माणसालाही "बाबा, आता डावीकडे वळवते हं" असं सांगून मगच हात लावायचा असतो. तुमच्या बाबांना तर सगळं समजतंय.

कागदपत्रं_जपून

कायद्याच्या बाजूने लिहितो, वकिली करतो.

भरती_ओहोटी यांनी सांगितलं तसं दर्जा ठरवणारं, रिपोर्ट जाहीर करणारं खातं आपल्याकडे नाही. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम सरकारने उभे करावेत असं म्हटलंय, पण पैसे घेऊन चालवलेल्या खाजगी सेंटरच्या दर्जावर त्याने फारसं नियंत्रण येत नाही. २०१९ मध्ये लोकसभेत त्याचं दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात अशा सगळ्या सेंटरची आणि घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सींचीही नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायची तरतूद होती, ते मंजूर झालं नाही. त्यामुळे सेंटर कुठे ट्रस्ट म्हणून, कुठे कंपनी म्हणून, कुठे साध्या भागीदारीत चालू असतं.

तरी विचारायचं ते विचारा. पेशंट ठेवून उपचार आणि नर्सिंग देणाऱ्या जागेला आपल्या राज्यात १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, महापालिका हद्दीत ती महापालिका देते. बेडरिडन पेशंट घेतात, नळ्या घालतात, इंजेक्शनं देतात तर ही नोंदणी आहे का, असेल तर सर्टिफिकेट भिंतीवर असायला हवं, मुदत संपलीय का बघा. नसेल तर मग नर्सिंग कोणाच्या जबाबदारीवर चाललंय, डॉक्टर कोण, त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर काय. फायर एनओसी विचाराच, आणि वरच्या मजल्यावरच्या बेडरिडन माणसाला लिफ्ट बंद असताना खाली कसं आणणार तेही विचारा.

करार घरी आणून वाचा, तिथल्या तिथे सही करू नका. त्यात बघायचं: डिपॉझिट किती दिवसांत आणि काय कापून परत, पेशंट हॉस्पिटलमध्ये असेल त्या दिवसांचे पैसे पूर्ण घेणार का, महिन्याच्या मधेच गेले किंवा घरी नेलं तर काय, दरवर्षी वाढ किती. डायपर, औषधं, एअर बेडचं भाडं, फिजिओ, हॉस्पिटलला सोबत माणूस, हे सगळं बिलात वेगळं लागतं, ३५ हजार सांगितलेले ५० पर्यंत सहज जातात. जीएसटीचं पण विचारा. आयकर कायद्याच्या १२ एए किंवा १२ एबी खाली नोंदणी असलेल्या संस्थेने चालवलेल्या वृद्धाश्रमाला, साठीच्या वरच्या माणसाकडून महिना २५ हजारांपर्यंत घेत असतील तर, तो माफ आहे. बाकीच्यांनी लावला तर बिलावर नंबर हवा.

"कोणत्याही घटनेस संस्था जबाबदार राहणार नाही" असं एक कलम हमखास असतं. त्याला घाबरून तक्रार सोडू नका, निष्काळजीपणाची जबाबदारी अशा एका ओळीने सुटत नाही. पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. प्रांताकडचं ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरण मात्र मुलांकडून पोटगी वगैरेसाठी असतं, सेंटरविरुद्धच्या तक्रारीला तिथे जाऊन उपयोग होत नाही, लोक उगाच हेलपाटे घालतात. मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं असं काही दिसलं तर सरळ पोलिस. आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीत बोलतात.

माडाच्या_सावलीत

गोव्याहून. आमच्याकडे प्रोव्हेदोरिया म्हणजे सरकारी सार्वजनिक साहाय्य संस्था स्वतः वृद्धाश्रम चालवते, पण तिथे बहुतेक हिंडतेफिरते लोक, बेडरिडनसाठी आम्हालाही म्हापशाच्या आसपास खाजगीच शोधावं लागलं. एवढंच सांगते की घरापासून जवळचं घ्या. लांबचं चांगलं आणि जवळचं बरं यात मी जवळचं घेईन, कारण आठवड्यातून चारदा तोंड दाखवणाऱ्यांच्या माणसाकडे आपोआप जास्त लक्ष दिलं जातं.

तळ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून या आठवड्यात दोन ठिकाणी परत गेले, यावेळी न सांगता, संध्याकाळी.

पहिलं ते लॉनवालं. सात वाजता गेले तर खालच्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांच्या खाटांचे कठडे वर, लाईट मंद, आणि जवळजवळ सगळे झोपलेले. संध्याकाळी सातला! एका आजोबांचे दोन्ही हात मऊ पट्टीने खाटेला बांधले होते. विचारलं तर म्हणाले नळी ओढून काढतात. मॅनेजर घरी गेले होते, दोन मावशी आणि एक मामा, खाटा वीसच्या वर. लघवीचा वास नव्हता, फिनेलचा खूप होता. हे सगळे इतक्या लवकर झोपतात हे नॉर्मल आहे का? आणि हात बांधणं?

दुसरं ठिकाण वाघोलीकडचं, दिसायला साधं. तिथे गेल्यावर आधी थोडा वेळ थांबवलं, चेंजिंग चालू होतं म्हणून. मग आत सोडलं. एक मामा एका काकांची दाढी करत होते, रेडिओ लावलेला. चार्ट मागितला तर सिस्टर जरा वैतागल्या, पण दिला. अक्षरं वेगवेगळी होती. एका आजींच्या चार्टवर दुपारची दोनची नोंद नव्हतीच, मी विचारलं तर म्हणाल्या त्या वेळी एकाला हॉस्पिटलला हलवत होतो, राहिलं.

पांढरा_कोट

डॉक्टर आहे, जनरल प्रॅक्टिस, दोन वृद्धाश्रमांना व्हिजिट देतो.

सातला सगळेच गाढ झोपलेले हे नॉर्मल नाही. काही जण झोपतात, पण हॉलच्या हॉल झोपला असेल तर औषधाचा विचार करावा लागतो. रात्री ओरडणाऱ्या, उठून फिरणाऱ्या, नळ्या ओढणाऱ्या पेशंटला क्वेटियापिन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल अशा गोळ्या दिल्या जातात. कधी कधी त्यांची खरंच गरज असते, थोड्या दिवसांसाठी, कमी डोसमध्ये. पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, क्वेटियापिन-ओलान्झापिनसारख्या गोळ्यांसाठी २००५ मध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या गोळ्यांसाठी २००८ मध्येच दिलाय. माणसं कमी म्हणून गोळी दिली जात असेल तर ते अजिबात बरोबर नाही. करारात किंवा निदान मेलवर लिहून घ्या की झोपेची किंवा शांत करणारी कुठलीही नवी गोळी घरच्यांना कळवल्याशिवाय आणि डॉक्टरच्या लेखी सल्ल्याशिवाय सुरू करायची नाही. दर महिन्याला औषधांचा चार्ट फोटो काढून तुमच्या डॉक्टरला दाखवा.

एखादा माणूस अचानक भ्रमिष्टासारखा वागायला लागला किंवा अचानक सुस्त झाला तर आधी युरीन इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, शौचाला न होणं, कुठे दुखणं हे बघायचं असतं. बोलता न येणाऱ्या पेशंटमध्ये तर नक्कीच. सेंटरला विचारा की असं झालं तर तुम्ही पहिलं काय करता. "डॉक्टरला फोन करून गोळी विचारतो" आणि "टेम्परेचर, बीपी, शुगर बघतो, लघवी किती झाली बघतो, मग फोन करतो" या दोन उत्तरांत खूप फरक आहे.

हात बांधणं हा शेवटचा उपाय, थोड्या वेळासाठी, लेखी, घरच्यांना सांगून, आणि मधे मधे सोडून. नळी ओढतात तर हातात मऊ मिटन (बोटं झाकणारे मोजे) घालता येतात, नळीची गरज अजून आहे का ते बघता येतं. त्या आजोबांच्या घरच्यांना हे माहीत आहे का हा प्रश्न मी तिथे विचारला असता.

वाघोलीच्या ठिकाणी नोंद राहिली आणि तसं सांगितलं, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

वॉर्ड_नंबर_सात

डॉक्टरांशी सहमत. आणि चेंजिंग चालू असताना बाहेर थांबवलं हेही चांगलंच, याचा अर्थ पडदा आहे, लाज राखतात. अजून एक विचारा, मावशी-मामा किती दिवसांपासून आहेत. तिथे दोन-चार वर्षं टिकलेली माणसं असतील तर पगार वेळेवर होतो आणि वरून कोणी छळत नाही असं समजायला हरकत नाही. दर महिन्याला नवे चेहरे असतील तर तुमच्या बाबांची सवय कोणालाच होणार नाही, आणि बाबांना तर माणूस ओळखीचा होणं फार गरजेचं, खुणा त्यालाच कळणार. डबल ड्यूटी करून चोवीस तास जागी असलेली मावशी कितीही मायाळू असली तरी रात्री तीनला तिच्याच्याने उठवत नाही हो.

दुपारचा_चहा

ठेवल्यानंतरचं थोडं. पहिल्या महिन्यात ठराविक वेळी जाऊ नका, कधी सकाळी आठला, कधी रात्री. गेल्यावर पाच मिनिटं नुसतं गोड बोलून परत येऊ नका, पांघरूण काढून पाठ बघा, टाचा बघा, नखं बघा, तोंड उघडून जीभ बघा, कोरडी असेल तर पाणी कमी पडत असू शकतं. दंडावर आतल्या बाजूला बोटांचे वळ आहेत का. व्हिडिओ कॉलवर भरवसा ठेवू नका, कॉलच्या आधी केस विंचरून बसवतात. भाऊ बंगळुरूहून फक्त कॉलवर बघणार असतील तर त्यांना सांगा की कॉल चालू असताना सिस्टरला आजचा चार्ट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगायचा.

तक्रार करायची तर मावशीला सगळ्यांसमोर बोलू नका. इन्चार्जला बाजूला, आणि नंतर एक मेसेज लिहून, "आज दुपारी डायपर पूर्ण भिजलेला होता, कृपया चेंजिंगच्या वेळा कळवा" असा. लिहिलेलं राहतं. आणि चांगलं केलं तर तेही लिहा, नाव घेऊन लिहा, त्यांना त्याची फार किंमत असते. चष्मा, कवळी, कानातलं मशीन यांवर नाव चिकटवा, कपड्यांवर मार्करने लिहा, हरवतातच.

साडेतीनची_लोकल

ट्रायल म्हणून आठवडाभर ठेवता येतं का कुठे? म्हणजे पूर्ण डिपॉझिट न भरता.

कागदपत्रं_जपून

बरीच सेंटर शॉर्ट स्टे देतात, दिवसाच्या हिशोबाने, थोडं महाग पडतं. विचारा, देत नसतील तर निदान पहिल्या महिन्यात काढून नेलं तर डिपॉझिट पूर्ण परत, हे करारात हाताने लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

तळ्याकाठी

अपडेट. वाघोलीचं ठिकाण पक्कं करतोय, आधी पंधरा दिवसांचा शॉर्ट स्टे म्हणून. ते माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर आहे, शिफ्ट सुटल्यावर रात्री दहालाही डोकावता येईल, त्यांनी त्याला हरकत घेतली नाही. रात्री मजल्यावर चौदा पेशंटना एक सिस्टर आणि दोघं मामा-मावशी असं मॅनेजरनेही सांगितलं आणि मावशींनीही. गोळ्यांचं लेखी दिलंय. नर्सिंग होमची नोंदणी नूतनीकरणाला टाकलीय म्हणतात, पावती दाखवली. खुर्चीचा काटा नाही, दंडाचा घेर लिहायला तयार झाले. आईला घेऊन गेले होते, तिने दोन तास बसून सगळं बघितलं आणि मग म्हणाली की इथे चालेल. तिचं मत माझ्यासाठी मोठं आहे.

बाबांनाही नेऊन आणलं व्हीलचेअरवर. आम्ही त्यांच्यासाठी चित्रांचा एक बोर्ड केलाय, पाणी, संडास, दुखतंय, थंडी, टीव्ही, माणसं असं. तिथल्या मामांना दाखवला तर त्यांनी लगेच विचारलं "दुखतंय म्हटल्यावर कुठे ते कसं सांगणार?", मग भावाने अंगाचं चित्रही काढून दिलं.

आता खाटेपाशी लावायला एक कागद तयार करतेय. उजवा हात ओढू नये, घास डाव्या गालात द्यावा, जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवावं, "हो-नाही" वर विसंबू नये, बोर्ड दाखवावा, दूध आवडत नाही, डाव्या कुशीवर झोप लागते, नाव घेऊन हाक मारावी. अजून काय घालू?

वॉर्ड_नंबर_सात

छान केलंत. त्यात गिळण्याचं घाला, पातळ पाणी पिताना ठसका लागतो का, लागत असेल तर किती घट्ट करून द्यायचं ते. शौचाला शेवटचं कधी झालं ते रोज लिहायला सांगा. बाबांना दुखत असताना चेहऱ्यावर काय होतं ते लिहा, कपाळ आक्रसतात का, चांगल्या हाताने चादर पकडतात का, ते फक्त तुम्हाला आणि आईलाच माहीत असणार. ॲलर्जी आणि तुमचे दोन फोन नंबर मोठ्या अक्षरात. मजकूर मराठीत आणि हिंदीत दोन्ही, बऱ्याच ठिकाणी रात्रपाळीचे मामा बाहेरच्या राज्यातले असतात. आणि काही बदललं की नवीन कागद लावून वर तारीख घाला आणि जुना काढून टाका, दोन कागद राहिले की रात्रीच्या माणसाला कुठला धरायचा ते कळत नाही.